एरर आली म्हणून रडू नको गं

छोटे,

काल रात्री साडेअकराला तुझा फोन आला तेव्हा मी गच्चीवर पाणी मारून गाद्या टाकत होते. 'ताई, फाइल उघडूनच नाही राहिली वं!' एवढं म्हणालीस आणि पुढचं सगळं नाकातून. मी विचारलं, 'एरर काय आली?' तर म्हणे, 'आली काहीतरी, मी लगेच पुन्हा रन मारलं.' तेव्हाच ओळखलं की आज काही हाती लागणार नाही. म्हणून सांगितलं, दोन्ही ड्राइव्हच्या फाइलींची यादी पडद्यावर आण, फोटो काढून पाठव, मग सगळं बंद कर, दहीभात खा आणि झोप. तुला वाटलं असेल ताईनं टाळलं. टाळलं नाही गं. दिवसभर तापलेल्या डोक्याला रात्री साडेअकराला समोरचंही दिसत नाही. आता सकाळ आहे, कूलर सुरू आहे, चहा हातात आहे. तुझे फोटोही नीट मोठे करून पाहिले. आता बोलू.

हे घरच्या ग्रुपवर टाकलं नाही, तुलाच वेगळं लिहितेय. त्याचं कारण पुढे येईल. माझी एक जुनी लाज आहे त्यात, आणि ती मावशीच्या कानावर जायला नको.

आधी ते 'आली काहीतरी'. तुझं ते एवढंसं बोर्ड बिघाड झाला की तीन गोष्टी सांगतं: कितव्या ओळीवर अडलं, ती ओळ कोणती, आणि का अडलं. सरकारी खिडकीवरचा बाबू अर्ज परत करताना एवढं कधी सांगतो का? आणि तू ते न वाचता पुन्हा रन मारतेस! बटण जोरात दाबल्यानं लिफ्ट लवकर येत नाही. टेबलावर एक साधी वही ठेव. एरर आली की तिचे शब्द जसेच्या तसे उतरव, स्पेलिंगसकट. त्याखाली लिही की हे शेवटचं नीट कधी चाललं होतं आणि त्यानंतर मी कशाला हात लावला. माझं निम्मं काम या दुसऱ्या ओळीनंच होतं. बाकीच्या निम्म्यात वायर हललेली असते.

आता माझं सगळ्यात आवडतं म्हणणं ऐक. गाडी फाइल उघडायच्या 'ओपन' या ओळीवर अडते, पण चूक सहसा त्या ओळीत नसते. दूध गॅसवर ठेवल्यावर फाटतं ना? पण बिघडलेलं असतं ते आधीच, दुपारी बाहेर राहिल्यानं. तू गॅसला शिव्या घालून काय उपयोग? फाइलचं तसंच. चूक झालेली असते काल लॅपटॉपवर नाव देताना, किंवा लूपच्या मागच्या फेरीत, किंवा कार्ड बसवताना. ओपन बिचारं फक्त पहिल्यांदा खरं बोलतं.

तुझंच घे. तुझे दोन प्रोग्रॅम आहेत. एक दर मिनिटाला गच्चीचं आणि खोलीचं तापमान कार्डावर लिहितो, दुसरा ते वाचून आलेख काढतो. लिहिणाऱ्यात तू फाइलच्या नावाआधी बी-कोलन असं ड्राइव्हचं अक्षर दिलंस. वाचणाऱ्यात नुसतं नाव लिहिलंस. आणि तुझं बोर्ड, म्हणजे पिकोमाइट, सुरू होतं तेव्हा ते ए ड्राइव्हवर उभं असतं. ए म्हणजे पिकोच्या पोटातली फ्लॅश, बी म्हणजे खोचलेलं एसडी कार्ड. म्हणजे तू नागपूरच्या महालातल्या वाड्याचं दार वाजवून धरमपेठेतल्या काकूंना हाका मारतेस. घरात कोणी नाही म्हणून उत्तर आलं तर ते खोटं कसं? तुझ्या पहिल्या फोटोत ए ड्राइव्हची यादी आहे, तीत दोन्ही प्रोग्रॅम आहेत आणि तापमानाची फाइल नाही. दुसऱ्या फोटोत बी ड्राइव्हची यादी आहे आणि तीत फाइल मजेत बसलेली आहे. आलेखाच्या प्रोग्रॅममध्ये नावाआधी बी-कोलन टाक, नाहीतर सुरुवातीलाच ड्राइव्ह बदलायची आज्ञा दे. संपलं. ज्यासाठी रडलीस ते दोन अक्षरांचं काम होतं.

रडायची गोष्ट दुसरीच आहे आणि ती तुला अजून कळलेलीच नाही. पण तिच्याकडे हळू येऊ.

तुला हे यंत्र इतकं स्वस्त मिळालं म्हणून त्याला खेळणं समजू नको. रास्पबेरी पाय पिको जानेवारी २०२१ मध्ये आला तो ४ डॉलरला, २६४ केबी रॅम घेऊन. त्याच्यावर जी बेसिक चालते ती एमएमबेसिक, ऑस्ट्रेलियातल्या जेफ ग्रॅहम यांची. त्यांनी २०११ मध्ये 'सिलिकॉन चिप' मासिकात मॅक्सिमाइट नावाचा छोटा कॉम्प्युटर दिला होता: कीबोर्ड लावा, पडदा लावा, चालू केल्याबरोबर बेसिक हजर. पुढे पीटर मॅथर यांनी त्या बेसिकमध्ये खूप भर घातली आणि ती पिकोवर आली. बाबांच्या जुन्या व्हीजीए मॉनिटरला आणि भंगारात निघालेल्या गोल पिनच्या कीबोर्डला तू जो जन्म दिलास, तो या वंशातला आहे. आणि बेसिक ही भाषा मुळात पहिल्यांदा चालली १ मे १९६४ ला, पहाटे ४ वाजता, अमेरिकेत डार्टमथ कॉलेजात. आपण महाराष्ट्र दिन म्हणून झेंडा लावतो तोच तिचाही वाढदिवस. राज्य चार वर्षांनी मोठं, एवढंच.

मी शिकले ती जीडब्ल्यू-बेसिक. शाळेत कॉम्प्युटरची खोली ही एकच खोली अशी की जिला पडदे होते आणि जिच्याबाहेर चपला काढाव्या लागत. आत तीन मुलींत एक मशीन. प्रोग्रॅम आधी वहीत लिहायचा, हातानं चालवून पाहायचा आणि मग आपली पाळी आली की टाइप करायचा. पुस्तकात शेवटी एररच्या क्रमांकांची यादी होती. ५३ म्हणजे फाइल सापडली नाही, ५५ म्हणजे आधीच उघडी आहे, ७१ म्हणजे डिस्क तयार नाही. एखादी मैत्रीण डबा विसरून आली की आम्ही म्हणायचो, 'आज हिची ५३ आहे.' हसू नको. तुमच्या मीम्सपेक्षा बरंच होतं.

त्याच्याही आधीच्या लोकांचे हाल तर विचारू नको. ऐंशीच्या दशकात पुण्याच्या डेसिबेल्सनं ब्रिटनचा स्पेक्ट्रम इथे परवान्यानं बनवला. त्यात प्रोग्रॅम चढायचे कॅसेटवरून. टेपरेकॉर्डरचा आवाज थोडा वरखाली झाला, हेड मळलं, की पडद्यावर 'टेप लोडिंग एरर' आणि पाच मिनिटांची शिट्टी वाया. १९८४ पासून केंद्र सरकारच्या 'क्लास' योजनेत देशातल्या शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले. त्याची बेसिक स्वभावानं वेगळी होती. वाचायला मागितलेली फाइल नसली तर ती तक्रारच करायची नाही, गुपचूप शून्य हातावर ठेवायची. तू त्या शून्याकडे पाहिलं नाहीस तर पुढे कुठेतरी, पहिला आकडा वाचायच्या ओळीवर, भलतीच एरर यायची. चूक एका ओळीवर, बोंब दुसऱ्या ओळीवर. मला हा किस्सा आवडतो, कारण तुझी पिको तशी नाही. तोंडावर सांगते. तिच्या या गुणाची किंमत कर.

आता त्या चार शब्दांकडे ये. फाइल उघडताना तू जे 'फॉर' लिहितेस, त्याच्यापुढे इनपुट, आउटपुट, अपेंड किंवा रँडम. मुलं हे पाठ करतात, पण मनात काही उमटत नाही. आजोबांची खर्चाची वही डोळ्यांपुढे आण. इनपुट म्हणजे वही वाचायला काढणं. वही कपाटात नसेल तर काढणार काय, म्हणून एरर. अपेंड म्हणजे शेवटच्या ओळीखाली आजचा खर्च लिहिणं. वही नसेल तर नवी घेतली जाते, काही बिघडत नाही. आउटपुट म्हणजे जुनी वही बंबात टाकून नवी कोरी सुरू करणं. रँडम तुला सध्या लागत नाही.

आउटपुट कधी विचारत नाही, 'जाळू का?' आणि जाळल्यावर सांगतही नाही.

तुझा दुसरा फोटो पुन्हा उघड. बी ड्राइव्हवरच्या फाइलचा आकार वाच: ९००० बाइट. तुझी एक ओळ म्हणजे वेळ, स्वल्पविराम, एक तापमान, स्वल्पविराम, दुसरं तापमान आणि ओळ संपल्याच्या दोन अदृश्य खुणा. मोजून २० बाइट. मिनिटाला एक, म्हणजे दिवसाच्या १४४० ओळी आणि २८,८०० बाइट. तू नवतपा, म्हणजे उन्हाळ्याचे ते नऊ होरपळते दिवस, लागल्यापासून तीन दिवस मोजते आहेस. म्हणजे ८६,००० च्या पुढे हवेत. आहेत ९०००. वीसनं भागलं तर ४५० ओळी, साडेसात तास. तू साडेअकराला प्रोग्रॅम थांबवलास. साडेसात तास मागे जा. चार वाजले.

काल चारला काय झालं? वावधन आलं होतं. गच्चीवरची चादर उडून समोरच्यांच्या जांभळावर अडकली आणि तासभर लाइट गेली, ती चारच्या सुमारास आली. लाइट आली, तुझा ऑटोरन चालू होता, प्रोग्रॅम आपोआप पुन्हा सुरू झाला, पहिल्याच ओळीत फॉर आउटपुट, आणि तीन दिवसांची वही बंबात. पडद्यावर एक अक्षर नाही. तू तेव्हा तिथे बसली असतीस तरी तुला 'सगळं छान चाललंय' असंच दिसलं असतं. मी फक्त आकार पाहून हे सांगतेय, पण फाइलची पहिली ओळ काढून बघ, वेळ शून्य-शून्य-शून्यपासून सुरू झालेली दिसेल. पिकोच्या घड्याळाला बॅटरी नाही, लाइट गेली की त्याचा जन्म नव्यानं होतो.

थांब. रडू नको. बोर्डाच्या बटणाला हात लावू नको. खरंच लावू नको. आलेख काढायचा म्हणून बोर्ड चालू करशील आणि ऑटोरन पुन्हा तेच करेल. बोर्ड बंद असतानाच कार्ड काढ आणि हळदीकुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेव. आउटपुटनं जाळलं म्हटलं तरी कार्डावर अक्षरं लगेच पुसली जात नाहीत. फक्त 'ही जागा मोकळी' अशी नोंद होते. नव्या ओळी जिथे चढल्या तेवढं गेलं, बाकीचं अजून तिथेच पडलेलं असू शकतं. लॅपटॉपवर असे प्रोग्रॅम असतात जे कार्डाचा कण न् कण वाचून टाकलेलं शोधतात. मिळेलच असा शब्द देत नाही, पण वरून काही लिहिलं नाहीस तरच आशा आहे.

आता माझी गोष्ट. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी माझा प्रोजेक्ट होता घरात येणाऱ्या विजेचा दाब मोजायचा. ते दिवस लोडशेडिंगचे. विदर्भात रोज कित्येक तास लाइट जायची. आठ दिवस अखंड नोंद करायची ठरलं होतं, म्हणून कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर ठेवला. प्रोग्रॅम व्हिज्युअल बेसिकमध्ये होता. सुरुवातीला फाइल उघडताना मधूनच एरर यायची आणि सगळं थांबायचं. मला राग आला. एका सीनियरनं सांगितलं, वर एक ओळ टाक, 'ऑन एरर रिझ्युम नेक्स्ट', म्हणजे कटकट मिटते. टाकली. कटकट मिटली. आठ दिवस पडद्यावर आकडे सरसर पळत होते, मी खुशीत. नवव्या दिवशी फोल्डर उघडलं तर त्यात काहीच नाही. पेन ड्राइव्हचं अक्षर ई होतं, नोंद सुरू होण्याआधीच कोणीतरी दुसरी काडी लावून काढली आणि ते एफ झालं. माझा प्रोग्रॅम आठ दिवस नसलेल्या घराला पत्रं टाकत होता, आणि 'पत्ता चुकला' म्हणून परत येणारा पोस्टमन मीच घरी बसवला होता.

आणि मग मी काय केलं? हेच कोणाला माहीत नाही. व्हायवा दोन दिवसांवर. मी एका रात्रीत आठ दिवसांचे आकडे मनानं लिहिले. २२८, २३१, २२६. छान वळणदार आलेख काढला, रंगीत प्रिंट काढली. बाहेरून आलेले परीक्षक वयस्क होते, बोलायला मऊ. त्यांनी आलेख बराच वेळ पाहिला आणि विचारलं, 'बेटा, तुमच्याकडे आठ दिवसांत एकदाही लाइट गेली नाही का?' माझ्या आलेखात शून्य नव्हतंच गं. खोटं लिहितानाही मला लोडशेडिंग आठवलं नाही. मी मान खाली घातली. ते पुढे काही बोलले नाहीत, पास केलं. ते काही बोलले असते तर बरं झालं असतं असं मला अजूनही वाटतं.

एमएमबेसिकमध्ये त्याच जातीची आज्ञा आहे, 'ऑन एरर स्किप'. वाईट नाही ती. पण तिच्यापुढची ओळ चालून गेली की लगेच एररचा क्रमांक विचारायचा असतो: शून्य नसेल तर काहीतरी घडलंय, मग पडद्यावर ओरड, दिवा लुकलुकव, बझर वाजव, काहीही कर. तोंड दाबून पुढे जाऊ नको. फाइल आहे की नाही एवढंच पाहायचं असेल तर त्यालाही ती नको. डिर-डॉलर फंक्शनला नाव दे, रिकामं उत्तर आलं तर फाइल नाही. उघडण्याआधी विचारलं की एररचा प्रश्नच उरत नाही.

मग लिहिणारा प्रोग्रॅम कसा असावा? माझी पद्धत ही, तू तुझी शोध. दर मिनिटाला फॉर अपेंड उघडायची, एक ओळ लिहायची, लगेच बंद करायची. दिवसभर उघडी ठेवायची नाही. उघड्या फाइलची शेवटची अक्षरं रॅममध्ये असतात आणि 'फाइल एवढी लांब झाली' ही नोंद कार्डावर बंद करतानाच पक्की होते. मध्येच लाइट गेली की लॅपटॉपवर फाइल शून्य बाइटची दिसते आणि माणूस म्हणतो कार्ड खराब आहे. नागपुरात मे महिन्यात लाइट जाणार हे धरूनच प्रोग्रॅम लिहायचा. छत्री घेऊनच निघायचं, ढग बघत बसायचं नाही.

पण उघड-बंद करायला लागलीस की दुसरा किडा निघेल, तो आत्ताच सांगते. पहिल्यांदा बरोबर चालेल, आणि काही मिनिटांनी 'फाइल आधीच उघडी' अशा अर्थाची एरर येईल. तुझ्या सबरूटीनमध्ये मधोमध एक अट आहे: सेन्सरचा आकडा विचित्र आला तर बाहेर पड. बाहेर पडतेस, पण बंद करायची ओळ खाली राहते. फाइलचा क्रमांक, तुझा हॅश एक, उघडाच. पुढच्या मिनिटाला पुन्हा हॅश एक उघडायला गेलीस की ती म्हणणारच, अगं, आतून कडी आहे. तेव्हा आधी आकडा तपास आणि मगच उघड. दाराआतली धावपळ जितकी कमी तितकं बरं.

विचित्र आकड्यावरून आठवलं. तुझा तो तीन पायांचा डीएस१८बी२० सेन्सर वीज मिळाल्याबरोबर, मोजणी होण्याआधी वाचला तर ८५ अंश सांगतो. तो गच्चीचा आकडा नाही. जागं होतानाची त्याची जांभई आहे. फाइलमध्ये ८५ दिसलं तर नवतपाला दोष देऊ नको. ३० मे २०२४ ला आपल्याच नागपुरात एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश नोंदले गेले आणि देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्यानंच सांगितलं की सेन्सर बिघडला होता. तेव्हा मोठ्यांचंही होतं; फक्त तपासून सांगायची तयारी हवी.

नावांचं थोडं सांगते, कारण पुढची एरर तुला तिथूनच येणार, लिहून घे. तू म्हणालीस ना, दर दिवसाची वेगळी फाइल करीन आणि नावातच तारीख-वेळ टाकीन? कल्पना छान आहे. पण तारखेत आडव्या रेघा येतात, त्या चालतात. वेळेत कोलन येतात, ते चालत नाहीत. फाइलच्या नावात कोलन, प्रश्नचिन्ह, फुली, तिरप्या रेघा यांना जागा नाही. कोलन तर ड्राइव्हच्या अक्षरामागेच शोभतो. म्हणून वेळ घालायचीच तर कोलन काढून आकडे सलग लाव. आणि हे सगळं घड्याळ खरं असेल तरच. नाहीतर रोज लाइट गेल्यावर तीच जुनी तारीख, तेच नाव आणि एकावर एक थर. डीएस३२३१ चं छोटं घड्याळ आण, बटणासारखा सेल बसतो त्यात. सुरू होताना बेसिकनं त्याला वेळ विचारायची, मग लाइट कितीही वेळा जाऊ दे.

लॅपटॉपवर फाइल बनवून कार्डावर टाकणार असशील तर विंडोजची एक खोडी लक्षात ठेव. ते शेपूट लपवतं. तू फाइलचं नाव बदलून 'यादी.टीएक्सटी' केलंस, मागे लपलेलं शेपूट तसंच राहिलं, 'यादी.टीएक्सटी.टीएक्सटी', आणि तुला दाखवलं एकच. मग पिको शपथेवर सांगते की अशी फाइल नाही आणि तू शपथेवर सांगतेस की आहे, आणि दोघी खऱ्या. बोर्डावरची यादी पाहा, ती लपवत नाही.

वायरींबद्दल फार बोलत नाही, ते तुला हातानं कळेल. कार्डच सापडत नाही अशी एरर आली तर बेसिकला हातही लावू नको. ऑप्शन लिस्ट काढून पिना जुळतात का बघ, कार्ड काढून घाल, वायरी आखूड कर. बर्डीच्या बाजारातून आणलेलं ते कार्डाचं मॉड्यूल पलटून बघ. काही मॉड्यूलांवर तीन पायांचा रेग्युलेटर असतो, त्याला ५ व्होल्ट लागतात, ३.३ दिलेस तर त्यातूनही एक व्होल्ट तो खातो आणि कार्ड अर्धपोटी राहतं. अर्धपोटी कार्ड कधी चालतं, कधी रुसतं, आणि हेच जास्त छळतं. कार्ड मोठं घेऊ नको. ३२ जीबीच्या वरची कार्डं कारखान्यातूनच एक्स-फॅट आखणीत येतात. तुला दिवसाला २८,८०० बाइट लागतात, ८ जीबीत तुझ्या नातवंडांचे नवतपेही मावतील. फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलेलं छोटं कार्ड घे आणि दोन घे. एक चालू, एक डबीत.

मावशी म्हणत होती की पोरगी दिवसभर त्या डबड्यापुढे बसते, खसच्या ताट्या मोजून काय मिळणार. मी तिला सांगितलंय की तू जे मोजते आहेस ते अख्ख्या मोहल्ल्याला हवंय: खसची ताटी बरी की ती खोक्यासारखी कागदी जाळी, आणि किती वाजता कूलरचं पाणी नुसतं चिकचिक करायला लागतं. तुझ्या तीन दिवसांचं नुकसान झालं तरी नवतपाचे सहा दिवस अजून उरलेत. आज दुपारपर्यंत फॉर आउटपुटच्या जागी फॉर अपेंड कर आणि दुसऱ्या कार्डावर चालू कर. मग मुद्दाम भिंतीवरचं बटण बंद कर, मिनिटभर थांब, चालू कर, आणि आकार वाढला की घटला ते बघ. मला फोन नको, आकडा पाठव.

रविवारी येते मी. लॅपटॉप आणि कार्ड वाचायची काडी घेऊन येते, डबीतलं कार्ड उघडून बघू काय सापडतं ते. तर्री पोहे मी येताना आणेन, मावशीला सांग नाश्ता करू नको म्हणून. आणि जांभळावरची चादर उतरली का गं?

तुझी,
ताई